केमोच्या काळातला विसराळूपणा: सुयांच्या आधी काय करायचं

हा लेख ज्यांच्यासाठी लिहिला आहे त्या बायका तो स्वतः वाचतीलच असं नाही. काठी, मोलगी, डाब आणि सातपुड्याच्या त्या अंगाच्या पाड्यांवर पन्नाशीतली बाई घरात भिलीच बोलते. मराठी तिला कळते, पण छापलेला कागद तिच्या मुलाला, सुनेला, आश्रमशाळेतल्या गुरुजींना नाहीतर आशाताईंना वाचून दाखवावा लागतो. म्हणून हे बोलणं तुमच्याशी आहे. तुमच्या घरात किंवा पाड्यावर कुणाला स्तनाचा कर्करोग निघाला असेल, केमो ठरली असेल आणि कुणीतरी सांगितलं असेल, की ॲक्युपंक्चरच्या सुया लावून घ्या म्हणजे केमोने डोकं बधिर होणार नाही, तर गाडीभाडं आणि मजुरीचे दिवस खर्च करण्याआधी एवढं वाचून घ्या.

आधी त्या डोकं बधिर होण्याबद्दल. तो भास नाही आणि बाईचा आळसही नाही. केमो घेणाऱ्या पुष्कळ बायकांना नावं आठवत नाहीत, बोलताना मधेच शब्द सापडत नाही, एका वेळी दोन कामं सांभाळता येत नाहीत. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या 581 बायकांना केमोच्या आधी, केमो संपल्यावर आणि पुढे सहा महिन्यांनी तपासलं. केमो संपेपर्यंत त्यांतल्या सुमारे 45 टक्के बायकांनी स्मरणशक्ती आणि लक्ष घसरल्याचं सांगितलं. त्याच वयाच्या, कर्करोग नसलेल्या बायकांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं. सहा महिन्यांनंतरही तिघींपैकी एकीपेक्षा जास्त जणींची तक्रार कायम होती. हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकींचं डोकं हळूहळू ताळ्यावर येतं, काहींना वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त.

याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. औषधांमुळे शरीरात दाह वाढतो आणि त्याची झळ मेंदूपर्यंत पोचते. रक्त कमी होतं. पाळी अचानक थांबते आणि अंगातून वाफा येऊ लागतात. झोप उडते. मनात भीती असतेच. केमोबरोबर दिली जाणारी इतर औषधंही यात भर घालतात: उलटी आणि ॲलर्जी टाळायला दिलेल्या डेक्सामेथासोनने रात्रभर डोळा लागत नाही आणि ॲव्हिलसारख्या इंजेक्शनने दिवसा गुंगी राहते. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की आई तव्यावर भाकरी टाकून विसरली, मोलगीच्या बाजारात सुट्टे पैसे मोजताना तिसऱ्यांदा चुकली, शेळ्या दावणीला बांधल्या की नाही हे पुन्हा पुन्हा विचारू लागली. शहरातल्या दवाखान्यात यासाठी शब्दांची यादी वाचून दाखवतात, आकडे उलटे म्हणायला लावतात. शाळेत न गेलेल्या बाईला त्या चाचण्यांवरून जोखणं अन्यायाचं आहे. तिचं खरं मोजमाप तिच्या रोजच्या कामातच होतं, आणि ते तुम्हीच करू शकता.

तेव्हा पहिली केमो व्हायच्या आधी एक वही घ्या. तिच्यात आजची परिस्थिती लिहून ठेवा: आई बाजाराचा हिशोब एकटी करते का, मोर या धान्याचं किंवा मक्याचं माप न चुकता सांगते का, नातवंडांची नावं गोंधळते का, होळीची गाणी शेवटपर्यंत म्हणते का, रात्री किती झोपते. पुढे दर केमोनंतर हीच पाच-सहा वाक्यं पुन्हा लिहा. डॉक्टरांना "आई विसरते" एवढंच सांगितलं तर ते मान हलवून पुढच्या पेशंटकडे वळतील. पण "दुसऱ्या केमोपर्यंत हिशोब ठीक होता, तिसरीनंतर दहा-वीसच्या नोटांत गोंधळ सुरू झाला आणि झोप तीन तासांवर आली" असं सांगितलंत तर त्यांना त्यात धागा सापडतो.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ती सातपुड्यातल्या बायकांच्या बाबतीत फार घडते आणि तिची नोंद कुठेच होत नाही. सुरत, नाशिक किंवा मुंबईत डॉक्टर आणि नर्स हिंदी, गुजराती किंवा शहरी मराठीत भराभर सूचना देतात: ही गोळी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, ही फक्त उलटी आली तर, ही पुढच्या वेळी आदल्या रात्री. बाई मान डोलावते. घरी आल्यावर गोळ्या चुकतात आणि सगळे म्हणतात, हिला विसर पडायला लागला. मुळात तिला कळलेलंच नसतं, मग लक्षात काय राहणार? म्हणून सूचना देताना भिली जाणणारं माणूस शेजारी हवं. निघण्यापूर्वी तिच्याच तोंडून, तिच्याच भाषेत, सगळ्या गोळ्या परत म्हणवून घ्या. गोळ्यांच्या पाकिटांवर उगवता सूर्य आणि चंद्र काढा. हे झाल्यावरही चुका होत राहिल्या तर मगच तो विसराळूपणा धरा.

आता सुयांबद्दल.

ॲक्युपंक्चरची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी नसते. ती भरीव असते, तिच्यातून औषध जात नाही आणि जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे इंजेक्शनच्या सुईच्या निम्मी किंवा त्याहून कमी. डोक्याच्या मध्यावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली अशा ठरावीक जागी सुया टोचून वीस ते तीस मिनिटं तशाच ठेवतात. टोचल्यावर तिथे जडपणा, मुंग्या किंवा ठणका जाणवतो. काही ठिकाणी सुयांना बारीकसा विद्युतप्रवाह जोडतात. ही पद्धत चिनी आहे. तिचा आपल्याशी असलेला संबंध फारसा कुणाला ठाऊक नसतो. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस तिकडेच 9 डिसेंबर 1942 रोजी वारले. त्याच पथकातले बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकून आले आणि भारतात तिचा प्रसार त्यांच्यापासून सुरू झाला. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात 2015 चा स्वतंत्र कायदा आहे आणि 2019 मध्ये केंद्र सरकारनेही या पद्धतीला मान्यता दिली. त्यामुळे महाराष्ट्रात सुया लावणाऱ्याची नोंदणी असते, आणि ती विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

सुया कशासाठी उपयोगी पडतात याचा पुरावा काही बाबतींत बऱ्यापैकी आहे. केमोच्या उलट्यांवर आहे: 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जड केमो घेणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या 104 बायकांत, नेहमीच्या औषधांच्या जोडीला विद्युत ॲक्युपंक्चर दिल्यावर उलट्या कमी झाल्या. केमोनंतर वर्षानुवर्षं घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांनी सांधे दुखतात, त्यावरही आहे: 2018 चा 226 बायकांचा अभ्यास खऱ्या सुयांच्या बाजूने गेला, फरक मोठा नसला तरी. पण केमो सुरू असताना डोकं शाबूत राहावं म्हणून आधीपासूनच सुया लावायच्या, ही वेगळी गोष्ट. तिच्यावरचे अभ्यास थोडे आहेत, लहान आहेत, आणि बरेचसे केमो संपून गेलेल्या बायकांवर झाले आहेत. काहींत बायकांना बरं वाटलं, पण टोचल्याचं नुसतं भासवणाऱ्या खोट्या सुया लावलेल्या बायकांनाही बरं वाटलं. अर्धा तास कुणीतरी शांत झोपवून ठेवलं, विचारपूस केली, याचाही गुण येतो. तो गुण खोटा नाही, पण त्यासाठी सुयाच हव्यात असंही नाही.

आणि झालेला त्रास कमी करणारा उपाय तोच त्रास आधी टाळेलच, हे गृहीत धरता येत नाही. पॅक्लिटॅक्सेल या केमोने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. तो टाळण्यासाठी 63 बायकांना केमोबरोबरच दर आठवड्याला विद्युत ॲक्युपंक्चर किंवा खोट्या सुया दिल्या. 2016 मध्ये निष्कर्ष आला: बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नाही, आणि सोळाव्या आठवड्याला खऱ्या सुया लावलेल्यांच्या वेदना उलट सावकाश ओसरत होत्या. हा अभ्यास नसांबद्दलचा आहे, मेंदूबद्दलचा नाही. तरीही "लावून बघू, तोटा तर नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा.

यावरून माझं मत स्पष्ट आहे. काठीहून मोलगी, देवगोईचा घाट उतरून अक्कलकुवा आणि पुढे नंदुरबार असा प्रवास करून, केवळ विसराळूपणा टाळायला आठवड्याला एकदा-दोनदा सुया लावायला जाणं योग्य नाही. त्या प्रवासात होणारी दमछाक, बुडालेली मजुरी आणि गर्दीतून लागणारा संसर्ग हे नुकसान नक्की आहे. फायदा नक्की नाही. मात्र केमोसाठी आई शहरात राहिलीच असेल, त्याच रुग्णालयात किंवा त्याच्या ओळखीतला नोंदणी असलेला ॲक्युपंक्चर करणारा असेल आणि तिला मळमळ, वाफा किंवा निद्रानाशाचा त्रास असेल, तर केमोच्या डॉक्टरांना विचारून जरूर लावा. झोप सुधारली तर डोकंही थोडं हलकं होईल. आणि कुणी "सुया लावल्यावर केमोची गरज उरत नाही" असं म्हणाला तर त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवू नका.

सुया लावायच्याच असतील तर काही गोष्टींत तडजोड नको. सुई पाकीटबंद, एकदाच वापरायची, तुमच्या डोळ्यांसमोर फोडलेली हवी. त्या आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय टोचू देऊ नका: प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील किंवा न्यूट्रोफिल 1,000 च्या खाली असतील तर सुया नकोत. पांढऱ्या पेशी केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वात खाली जातात, ते दिवस टाळावेत. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या असतील त्या हाताला सुई नको, कारण तो हात कायमचा सुजू शकतो. त्याच कारणाने त्या हातावर गोंदण, चिरा, डाम यांतलं काहीच करू नका. भगताकडे जायला माझा विरोध नाही. त्याच्या दोन शब्दांनी आईला धीर येत असेल तर त्याला बोलवा. पण जखम आणि तोंडावाटे घ्यायची मुळी, हे दोन्ही केमोच्या काळात बंद. डॉक्टरांना न सांगता तर मुळीच नाही.

मोलगीत किंवा काठीत बसल्या जागी फुकट करता येणारी एक गोष्ट यातलीच आहे. मनगटाच्या आतल्या घडीपासून आईच्या स्वतःच्या तीन बोटांच्या रुंदीवर, दोन कंडरांच्या मधे, अंगठ्याने दोन-तीन मिनिटं घट्ट दाबायचं, दिवसातून चार-पाच वेळा. मळमळीसाठी सुई लावतात ती हीच जागा. गाठी काढलेल्या बाजूचा हात सोडून दुसऱ्या हातावर करा. डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी मात्र चालूच ठेवायची.

आता डोकं जपायला खरोखर काय करता येतं ते.

रक्त पहिलं. आपल्याकडच्या बायकांत हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, केमोने ते आणखी उतरतं. सात-आठ हिमोग्लोबिनवर कुणाचंही डोकं चालणार नाही. दर केमोआधी रक्त तपासतातच. तो आकडा वहीत लिहा आणि विचारा. बी-12 आणि थायरॉईडही एकदा बघून घ्यायला सांगा. यांतली बहुतेक कारणं उपचाराने सुधारतात, पण घरात त्यांना "केमोचा परिणाम" म्हणून सोडून दिलं जातं.

इथेच सिकलसेलचा मुद्दा येतो. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. आईचं सिकलसेलचं कार्ड असेल तर ते केमोच्या पहिल्याच भेटीत पुढे ठेवा; तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला जे इंजेक्शन देतात त्याने सिकलसेलच्या रुग्णाला जिवावर बेतणारं दुखणं होऊ शकतं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्या मनात हा प्रश्न आपोआप येईलच यावर विसंबू नका. सांगायची जबाबदारी तुमची.

मग झोप. डेक्सामेथासोनची गोळी संध्याकाळी दिली असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे विचारा. अनेकदा येते, आणि तेवढ्या बदलाने रात्र सुधारते. दिवसा अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू देऊ नका. झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणू नका, तिने सकाळचं धुकं आणखी दाट होतं.

चालणं सोडू नका. सातपुड्यातली बाई आयुष्यभर डोंगर चढते, आणि केमो सुरू झाली की घरचे मायेपोटी तिला खाटेवर बसवतात. तिथेच ती खचते. व्यायामाने केमोतला थकवा आणि झोप सुधारते, हे अभ्यासांत ठामपणे दिसलं आहे, आणि लक्ष व स्मरणालाही त्याची मदत होते असे संकेत आहेत. सकाळ-संध्याकाळ सपाटीवर वीस मिनिटं, धाप लागणार नाही अशा बेताने, सोबतीला कुणी घेऊन. ताप असेल त्या दिवशी नाही.

हातांना आणि डोक्याला ओळखीचं काम द्या. चैत्र-वैशाखात आमचूरसाठी कैऱ्या कापायला तिला बसवू नका, सुरीने कापलं तर केमोच्या दिवसांत जखम चिघळते; शेण-मुतात हात घालायचं कामही काही महिने दुसऱ्याने करावं. पण वाळलेल्या फोडी निवडणं, पायल्यांचा हिशोब ठेवणं, लग्नात कुणी काय आहेर केला ते आठवून सांगणं, नातवंडांना गाणी शिकवणं हे तिचंच काम आहे, ते तिच्याकडेच राहू द्या. शब्दकोड्यांपेक्षा हे तिला जास्त मानवेल. एका वेळी एकच काम सांगा. चुकली तर चारचौघांत हसू नका. कपाट, डबा, चूल, गोळ्या यांच्या जागा ठरवून टाका आणि बदलू नका.

होळीचं काय करायचं, हा प्रश्न काठीत नक्की येणार. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, रात्रभर ढोल वाजतात, दुरून माणसं येतात. पालनी, म्हणजे होळीचं व्रत, पाळायची तर उघड्या पायांनी चालणं, जमिनीवर झोपणं, खाण्यापिण्याचे नियम आले. केमो सुरू असलेल्या बाईने त्या वर्षी पालनी घेऊ नये. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तिच्या वतीने घ्यावी. होळी केमोनंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत येत असेल तर तिला गर्दीत नेऊ नका. इतर दिवसांत येत असेल आणि रिपोर्ट चांगला असेल तर डॉक्टरांना विचारून तिला थोडा वेळ लांबून बघू द्या. वर्षभर जिची वाट पाहिली ती होळी चुकल्याचं दुःखही माणसाला आतून पोखरतं.

दुःखाचं निघालंच आहे तर तेही सांगतो. उदास माणूसही विसरतो. आई बोलेनाशी झाली, जेवेना, "मी गेले तर बरं" म्हणू लागली तर केमोवर खापर फोडून थांबू नका. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर दिवसरात्र मोफत बोलता येतं. रेंज नसेल तर मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा.

काही लक्षणं मात्र विसराळूपणाची नसतात आणि त्यांना वेळ द्यायचा नसतो. अचानक माणूस ओळखेनासं होणं, जीभ जड होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, झटका येणं, उलट्यांसह असह्य डोकेदुखी, किंवा तापात गुंगी येणं. केमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच 108 ला फोन करायचा. घरात थर्मामीटर ठेवा आणि तो वाचायला किमान दोघांना शिकवा.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि केमो त्यात येते. खाजगी ॲक्युपंक्चर बहुतेक वेळा खिशातूनच करावं लागतं. परळच्या टाटा रुग्णालयात जायची वेळ आली तर राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. रेल्वे आणि एसटीत कर्करोगाच्या रुग्णांना भाड्यात सवलत आहे, तिचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्या. पुढच्या केमो नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा आणखी जवळ कुठे घेता येतील का, हे पहिल्याच भेटीत विचारा. प्रत्येक वाचलेला प्रवास आईच्या झोपेत जमा होतो.

पुढच्या केमोला जाताना वही, सिकलसेलचं कार्ड, मागचा रक्ताचा रिपोर्ट आणि भिली बोलणारं एक माणूस बरोबर न्या, आणि डॉक्टर समोर बसले की सुयांचा विषय काढण्याआधी वहीतलं पहिलं पान त्यांना वाचून दाखवा.